आक्कांचं फडकं आणि माझं प्राणिशास्त्र

बी.एस्सी. झाल्यावर माणसाला काय काय येतं, याविषयी आमच्या कंग्राळीत फार मोठ्या कल्पना होत्या आणि त्या पसरवण्यात माझा स्वतःचा हात होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या आधीचे सगळे अंगठा उठवून मोकळे झालेले. त्यामुळे प्राणिशास्त्र घेऊन मी पदवी मिळवली तेव्हा भावकीतल्या लोकांनी आपापल्या आजारी म्हशी मला दाखवायला आणल्या. मी झुरळ आणि बेडूक फाडून पास झालो होतो. म्हशीचा आणि माझा परिचय शेणापुरता. पण तसं मी बोललो नाही. गंभीर चेहरा करून म्हशीच्या डोळ्यात बघितलं आणि पाणी भरपूर पाजा म्हणून सांगितलं. म्हशी बऱ्या झाल्या. यात माझा काय दोष?

हा आत्मविश्वास बरोबर घेऊन मी निपाणीच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. लागलो म्हणजे हंगामी. जूनला घ्यायचं आणि परीक्षा झाल्या की सोडायचं, अशी ती जागा होती. उसाच्या तोडकऱ्याला आणि मला एवढाच फरक की मला खुर्ची होती. येत्या जूनपासून ही जागा कायम होणार, अशी बोलवा होती. ते ठरवणार होती कॉलेजची कमिटी. कमिटीत बहुतेक तंबाखूचे व्यापारी आणि त्यातल्या सगळ्यात वजनदार माणसाला गाव आण्णा म्हणायचं.

या आण्णांना एक दिवस प्राणिशास्त्राच्या माणसाची गरज पडली. कॉलेजात तसे आम्ही दोघं. प्राध्यापकसाहेब हुशार असल्यामुळं त्यांनी मला पाठवलं.

आण्णांचं घर रस्त्याला तोंड करून, आणि मागच्या बाजूला त्यांचीच तंबाखूची वखार. मध्ये फरसबंद अंगण. पुढच्या बैठकीत, जिथं लोक थोरामोठ्यांचे फोटो लावतात तिथं, एक काचेची टाकी. आण्णा आदल्या दिवाळीनंतर कोणाच्या तरी लग्नाला मालवणला गेले होते. तिथं ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर त्यांना जिवंत प्रवाळ कुणीतरी दाखवलं. आण्णांना एखादी गोष्ट आवडली की ती आपल्या घरात का नाही, एवढाच प्रश्न पडायचा. त्यांनी तळहाताएवढा दगड त्या प्रवाळासकट फोडून घेतला, बादलीत घातला आणि मांडीवर बादली घेऊन घाट चढून घरी आणला. मग बेळगावात फोटोला काचा बसवणाऱ्याकडून टाकी करून घेतली, पुण्याहून हवेचा विजेवर चालणारा पंप मागवला, वर ट्यूबलाइट लावली. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडं तंबाखू घेऊन उतरणारा त्यांचाच ट्रक पंधरा दिवसांनी येताना कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचा. कुणी तिरुपतीचा लाडू आणतो, आण्णांचा ट्रक समुद्र आणायचा.

गावातली माणसं हे जिवंत पोवळं बघायला यायची. त्यांच्या डोक्यात मंगळाच्या अंगठीतलं लालभडक पोवळं. इथं दगडावर शर्टाच्या बटणाएवढी चाळीस-पन्नास तोंडं, प्रत्येकाला कडेनं बारीक झालर, रंग शेवाळासारखा. लोक जरा वेळ बघायचे आणि समजूतदारपणानं म्हणायचे, अजून कच्चं हाय वाटतं.

मी गेलो तेव्हा ती बटणं निम्मीअर्धी मिटलेली होती. आण्णा म्हणाले, पंधरा दिवस हे असंच चाललंय. त्यांनी विचारलं, "मास्तर, हे फूल कशानं सुकाय लागलंय?"

मी म्हणालो की हे फूल नव्हे, हा प्राणी आहे. एक नव्हे, पन्नास प्राणी, एकमेकांना चिकटून बसलेले. प्रत्येकाला तोंड आहे, पोट आहे. हे सगळं मी वर्गात बोलायच्या आवाजात बोललो. कोपऱ्यात पाटावर बसून जपमाळ ओढणाऱ्या बाईंचा हात थांबला, हे मला दिसलं नाही. त्या आण्णांच्या आई. त्यांना सगळे आक्का म्हणायचे.

"जीव हाय म्हणतोस?" आक्कांनी विचारलं. "मग त्याला कोंडून कशाला ठेवलंय?"

आण्णा म्हणाले, "आक्का, तू गप बस. त्याचं औषध विचारतोय मी, धर्म न्हाय."

घर जैनांचं. रात्री चूल पेटायची नाही, कांदा दाराच्या आत यायचा नाही. अशा घरात मी सहज बोलता बोलता पन्नास जीवांची भर घातली होती.

दोष शोधायचं काम मात्र मी शास्त्रोक्त केलं, याबद्दल मला अजून अभिमान आहे. पाण्यातलं मीठ मोजायचं साधन आमच्या प्रयोगशाळेत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मलीनमध्ये बुडवलेला साप होता आणि कुलूप होतं. पण आण्णांच्या स्वयंपाकघरात दूध तपासायची नळी होती, लॅक्टोमीटर, कारण गवळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी ती समुद्राच्या पाण्याच्या कॅनमध्ये सोडली. नळी पंचविसावर थांबली. म्हणजे अरबी समुद्र हा थोडं पाणी घातलेल्या दुधाइतका दाट निघाला. मग तीच नळी टाकीत सोडली, तर चौतीस. कारण सोपं होतं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं; आणि पाणी कमी झालं की आण्णा पुन्हा समुद्राचंच पाणी ओतत होते. प्रवाळाचं हळूहळू लोणचं होत होतं. मी रोज तांब्या-दोन तांब्या विहिरीचं पाणी घालायला लावलं. आठ-दहा दिवसांत नळी पंचविसावर आली आणि बटणं उघडली.

आण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जूनला तुझं बघू," ते म्हणाले. त्या आठवड्यात मी कंग्राळीला पत्र टाकलं की नोकरी कायम झाल्यासारखीच आहे. आमच्या घरी पत्र वाचणारं कुणी नव्हतं. शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं गेलं, त्यामुळं गल्लीला पेढेही लगोलग मिळाले.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला बरं झालेलं आणखी बरं करायची खोड असते. मी बेळगावच्या ग्रंथालयातून मत्स्यालयावरचं एक इंग्रजी पुस्तक काढून आणलं. ते माझ्या आधी कुणीच नेलेलं नव्हतं, त्यामुळं त्यातलं सगळं ज्ञान कोरं करकरीत होतं. त्यात लिहिलं होतं की पंपाला शुद्ध हवा मिळाली पाहिजे. आण्णांच्या बैठकीत उदबत्त्यांचा धूर, समईचा धूर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या विड्यांचा धूर. मी पंप उचलला, मागच्या खिडकीच्या चौकटीवर नेऊन ठेवला आणि लांब नळी टाकीपर्यंत आणली. खिडकी अंगणात उघडायची. वारा झुळझुळ येत होता. मी छाती भरून श्वास घेतला आणि आण्णांना सांगितलं, अशी हवा पैसे देऊन मिळत नाही. आण्णांनाही ते पटलं. अंगण त्यांचंच होतं.

पुढं पंधरा दिवसांनी नव्या मालाच्या गाड्या आल्या, वखार गजबजली, अंगणात बायकांच्या चाळण्या सुरू झाल्या. आणि प्रवाळ पुन्हा मिटायला लागलं.

या खेपेला ते नुसतं मिटलं नाही. बटणांवर शेंबडासारखा चिकट थर यायला लागला, झालरी आत ओढल्या गेल्या, आणि एका कडेची पाच-सहा तोंडं पांढरी पडून गळून गेली. तिथला दगड उघडा पडला. मी नळी सोडली, पंचवीस. ट्यूबलाइट खाली घेतली, वर घेतली. विहिरीचं पाणी तांब्याच्या घागरीतून येतं आणि तांबं असल्या जीवांना बाधतं, हे लक्षात आल्यावर घागर बंद करून मातीचा डेरा आणायला लावला. आण्णांच्या सुनेनं तो मुकाट्यानं आणला, पण मी मागं वळल्यावर ती मोलकरणीला म्हणाली, "आता समुद्रबी चुलीवर तापवा म्हणंल." काहीच उपयोग झाला नाही. आण्णा रोज विचारायचे आणि रोज आवाज जरा खाली यायचा. आण्णांचा आवाज खाली येणं ही चांगली खूण नव्हती.

मी पुन्हा पुस्तक उघडलं. एका पानावर होतं की समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात आणि प्रवाळ ते खातं. मी वाचता वाचता ताडकन उठलो. कारण मला आक्का आठवल्या.

त्या घरात येणारं पाणी, मग ते विहिरीचं असो, नळाचं असो की अरबी समुद्राचं, दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कशातही पडत नव्हतं. ट्रक आला की आक्का स्वतः कॅनजवळ बसायच्या, पांढरं जाड फडकं घागरीच्या तोंडाला लावायच्या आणि पाणी गाळून टाकीला द्यायच्या. फडक्यात जे अडकेल ते टाकायचं नाही. फडकं उलटं करून, थोड्या पाण्यानं हलकेच धुऊन, ते पाणी एका लहान तांब्यात धरायचं. त्याला जिवाणी म्हणतात. पाणी जिथलं, जिवाणी तिथंच परत गेली पाहिजे. विहिरीची विहिरीत. समुद्राची समुद्रात. त्यामुळं प्रत्येक खेपेला ट्रकच्या ड्रायव्हरच्या हातात आक्का तो तांब्या द्यायच्या आणि सांगायच्या की नीट समुद्रात सोड.

मी हे बघून हसायचो. इतरांच्या देखत हसायचो, कारण एकट्यानं हसण्यात पदवीचा उपयोग काय.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला होता. आक्का गाळत बसल्या होत्या. बैठकीत आण्णा होते, सून होती, दिवाणजी होते. मी सगळ्यांच्या समोर सांगितलं की दोष सापडला. या प्राण्याचं अन्न या फडक्यात अडकतं. हे फडकं त्याला उपाशी मारतंय.

एवढ्यावरच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी आक्कांच्या पुढ्यातला तांब्या उचलला आणि ती जिवाणी त्यांच्या डोळ्यांदेखत टाकीत ओतली. खायला.

आक्कांनी फडकं पिळलं, घडी घातली आणि मांडीवर ठेवलं. मग मला विचारलं, "त्या जीवांना ह्या जीवाच्या तोंडात घातलंस व्हय रं?"

मी निसर्गाचा नियम वगैरे काहीतरी म्हणालो. परीक्षेत त्याला चार गुण मिळतात.

त्या दिवसापासून आक्कांनी एकाशन धरलं. दिवसात एकदाच जेवायचं, तेही एका बैठकीत उठेपर्यंत. किती दिवस, असं सुनेनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ते फूल उघडेपर्यंत. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं होतं. आयुष्यभर मुंगीला वळसा घालून चाललेल्या बाईला मी सांगितलं होतं की तुझ्या हातून जीव मरतोय. समुद्राचं पाणी गाळणं त्यांनी बंद केलं. फडकं मात्र टाकलं नाही. टाकीसमोर पाट मांडून त्या ते मांडीवर घेऊन बसायच्या आणि मिटलेल्या बटणांकडं बघत राहायच्या.

पंधरा दिवस थांबा, असं मी आण्णांना सांगितलं होतं. पंधरा दिवसांत प्रवाळाची आणखी एक कड गेली. एका संध्याकाळी मी काचेतून बघत असताना आक्का म्हणाल्या, "बाजारादिवशी हे जरा उघडतंय."

मला राग आला होता, कारण माझा शोध लागू पडत नव्हता. मी म्हणालो, "आक्का, ते काय बाजारला पिशवी घेऊन जातंय?"

दिवाणजी हसले. आक्का हसल्या नाहीत. "दोन आठवडं बघितलं," त्या म्हणाल्या, "म्हणून सांगितलं." आणि पुन्हा काचेकडं बघायला लागल्या. माझ्या साऱ्या प्रयोगात दोन आठवडे सलग बघणं एवढी एकच गोष्ट मी केली नव्हती.

त्या रविवारी मी कंग्राळीला गेलो. वडील परसात कोबीच्या वाफ्याजवळ बसले होते. पुढ्यात पत्र्याचा डबा, त्यात काळपट पाणी, वर भुकटीचा थर. कोबीवर मावा पडला होता. मावा म्हणजे पानाखाली बसणारे ते बारीक हिरवे किडे. आमच्याकडं त्याला एकच औषध: तंबाखूची भुकटी रात्रभर भिजत घालायची, गाळायची, साबण मिसळायचा आणि केरसुणीनं शिंपडायचं. मी लहानपणी हजार वेळा हा डबा ढवळला होता. ही भुकटी तर गेल्या खेपेला मीच आण्णांच्या वखारीतून, चाळणीखालची, फुकट पोतंभर आणून दिली होती. एस.टी.च्या टपावर टाकून, अभिमानानं.

मी उभा राहून बघत होतो. वडील म्हणाले, "लांब हो, कापडं खराब होतील साहेबाची."

मी विचारलं, हे मारतंय कशानं?

"कशानं म्हंजे? तंबाखूनं. पाण्यात उतरलं की इखार. काढा लई जाड बी लागत न्हाय." त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "तुमच्या बुकात न्हाय व्हय हे?"

बुकात नव्हतं. बुक लिहिणाऱ्याच्या खिडकीखाली वखार नव्हती.

मी तिथंच वाफ्याच्या बांधावर बसलो. बाजाराच्या दिवशी निपाणीच्या वखारी बंद असतात. चाळण्या बंद, अंगण रिकामं. उरलेले सहा दिवस चाळणीवरून सोनेरी धूळ उठते आणि वाऱ्यावर थेट त्या खिडकीत येते, जिथं एका पदवीधरानं पंप ठेवलेला आहे. पंप ती धूळ ओढून घेतो आणि नळीनं टाकीच्या तळाशी नेऊन बुडबुड्यातून सोडतो. वडील केरसुणीनं शिंपडत होते, मी विजेवर शिंपडत होतो. निपाणीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिंका येतात, दुसऱ्या आठवड्यात ठसका, आणि तिसऱ्या आठवड्यात तो त्या वासालाच हवा म्हणायला लागतो. मी तर तिथं आठ महिने काढले होते. छाती भरून श्वास घेऊन मी ज्या हवेची शिफारस केली, ती हवा मावा मारायची होती.

सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं निपाणी गाठली. आण्णा पेढीवर होते. मी पंप उचलून पुढच्या दारी, रस्त्याच्या बाजूच्या फडताळात ठेवला, त्याच्या तोंडाला ओलं कापड बांधलं, मागची खिडकी बंद करून वर खिळा मारला. टाकीतलं जवळजवळ सगळं पाणी काढून शिल्लक कॅन ओतले. सून विचारत होती की हे कशासाठी. थोडी सुधारणा, असं मी म्हणालो. आक्का पाटावर होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत होतो. कमिटीची बैठक रविवारी होती.

तिसऱ्या दिवशी एक बटण उघडलं. शनिवारपर्यंत तीसेक. कडेला गेलेली गेलीच, पण उरलेल्यांच्या झालरी पाण्यात हलायला लागल्या. मी मनात हिशेब मांडला: प्रवाळ बरं झालं, आक्कांचं एकाशन सुटेल, जागा कायम होईल, आणि पंपाची गोष्ट कुणाला कळायचं कारण नाही. कुणाचंही नुकसान नाही. असा स्वच्छ हिशेब मी आयुष्यात पुन्हा मांडू शकलो नाही.

रविवारी दुपारी कमिटीचे लोक बैठकीआधी चहाला आण्णांच्या घरी जमले. चौघं, त्यातले तिघं वखारवाले. आण्णांनी सगळ्यांना टाकीजवळ नेलं. मला पुढं बोलावलं. आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली, कसं हे मरायला टेकलं होतं, कसा या पोरानं दोष हुडकून काढला.

"आणि दोष कुणाचा निघावा?" आण्णा म्हणाले. "आमच्या आईच्या फडक्याचा. सत्तर वर्षं पाणी गाळली बाई, पर गाळून जीव मारला."

सगळे हसले. आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. होय म्हणून. "माझ्याच फडक्यानं झालतं," त्या म्हणाल्या. "मास्तर म्हणाला तेच खरं."

आता मी शहाणा असतो तर चहा प्यालो असतो. माझ्या मागून आलेल्या कितीतरी पदवीधरांना असल्या वेळी चहा पिताना मी पाहिलं आहे. त्यातले काही पुढं प्राचार्य झाले.

"फडक्याचा दोष नव्हता," मी म्हणालो. "पंप मी मागच्या खिडकीत नेला. वखारीतली तंबाखूची धूळ त्यातनं पाण्यात गेली. तंबाखूनं मेलं ते. माझ्या हातानं."

बशीत कप ठेवल्याचा आवाज झाला. आण्णांनी आवाज खाली आणला. "तंबाखूनं मरतंय म्हणतोस? ह्या घरात उभा राहून? चार पिढ्या ह्या गावात तंबाखूवर जगल्या की रं."

"जगल्या की आण्णा," मी म्हणालो. "पण त्या पाण्याखाली नव्हत्या."

हे वाक्य बोलायची काही गरज नव्हती. कबुलीपर्यंत प्रकरण सावरण्यासारखं होतं. पण खरं बोलायला लागलो की मला थांबता येत नाही, आणि आमच्या घराण्यात त्यावरचं औषध अजून सापडलेलं नाही.

बैठक झाली. जागा कायम झाली, तिच्यावर कमिटीतल्या एकाचा जावई आला. तो फार सज्जन माणूस. पुढं कितीतरी वर्षं त्यानं कुठल्याही प्राण्याला हात लावला नाही, त्यामुळं त्याच्या हातून एकही मेला नाही. मी नंतर बेळगावात हायस्कूलला लागलो, टिळकवाडीत दोन खोल्या केल्या, पोरांना बेडकाचं हृदय शिकवत निवृत्त झालो. पण तो पुढचा विषय. त्या रविवारी मला फक्त एवढंच कळलं होतं की वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत.

सोमवारी मी टाकीचं पाणी शेवटचं बघायला गेलो. सुनेनं दारातच सांगितलं की आक्का अजून एकदाच जेवतायत. मला समजेना. फूल तर उघडलं होतं. मी आक्कांसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो की तुमच्या हातून काही झालं नाही, चूक माझी, आता जेवा.

"ते कळलं रं," आक्का म्हणाल्या. "हे फूल माझ्या डोक्यावरनं उतरलं. पर त्या तांब्यातल्यांचं काय? ते तर तू घातलंस तोंडात. माझ्या घरात, माझ्या पुढ्यातनं."

"त्यांना आता कसं आणू आक्का?"

"ते न्हाय आणता येत." त्यांनी पाटाखालून एक तांब्या काढला. शिल्लक कॅन संपल्यामुळं ट्रक आता प्रत्येक खेपेला पाणी आणत होता; आदल्या दिवशीही आला होता. त्यांनी पुन्हा गाळायला सुरुवात केली होती. "हे तरी पोचव. तुझ्या हातानं. मग जेवते."

प्राणिशास्त्राप्रमाणं त्या तांब्यात जिवंत असं काही उरलं असण्याची शक्यता नव्हती. हे मी त्यांना समजावून सांगू शकलो असतो. सोप्या भाषेत, आकृतीसह. मी तांब्या घेतला.

मंगळवारी पहाटे आण्णांच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी मी बसलो, मांडीवर तांब्या, तोंडाला फडकं बांधलेलं. आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरलो. घाटाखाली एका ओढ्याशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि सवयीनं हात पुढं केला. आण तो इकडं म्हणाला. मी विचारलं, कशाला? तेव्हा कळलं की गेले चार महिने अरबी समुद्राची सगळी जिवाणी या ओढ्यात पडत होती.

"आक्काला सांगू नका मास्तर," तो म्हणाला. "वढ्याचं पाणी शेवटाला समुद्रातच जातंय न्हवं?"

त्याचंही प्राणिशास्त्र माझ्याइतकंच पक्कं होतं. मी म्हणालो, गाडी घे पुढं.

वेंगुर्ल्याला त्यानं तंबाखू उतरवली आणि मी चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात गेलो. फडकं सोडलं, तांब्या पाण्याच्या पातळीला टेकवला आणि वाकडा केला. बाहेर पडताना काही दिसलं नाही. रिकामा तांब्या खारट पाण्यानं विसळला. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेला एक म्हातारा माझ्याकडं बघत होता. मी शिकलेला माणूस आहे, हे त्याला कोणत्याही कोनातून वाटत नसावं. मग आम्ही कॅन भरले.

परतीला उशीर झाला तो नाक्यावर. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरताना कारकुनानं विचारलं, कॅनमध्ये काय? समुद्राचं पाणी. कशासाठी? प्रवाळासाठी. त्यानं कानडीत आत कुणाला तरी विचारलं, आतल्यानं मराठीत शिवी दिली. हा माल कोणत्या रकान्यात लिहायचा, हे दोन राज्यांत कुणाला ठरवता येईना. सीमेचा वाद मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजून घेतला. कारकुनानं शेवटी बोट बुडवून चाटलं आणि सोडून दिलं. ऊन कलायला लागलं होतं. सूर्य बुडाला की आक्का जेवणार नव्हत्या. ड्रायव्हरला मी हे सांगितलं, आणि ओढ्याचं ओझं त्याच्याही मनावर असावं, कारण पुढचा रस्ता त्यानं हॉर्नवर हात ठेवूनच कापला.

आण्णांच्या दारात उतरलो तेव्हा समोरच्या माडीच्या कौलांवर ऊन होतं, भिंतीवर नव्हतं. आक्का ओसरीवर उभ्या होत्या. मी रिकामा तांब्या पुढं धरला.

त्यांनी तो हातात घेतला, आत बघितलं आणि विचारलं, "समुद्रातच घातलास न्हवं?"

"व्हय आक्का. गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन."

त्यांनी माझ्या पँटकडं बघितलं. गुडघ्यापर्यंत मीठ वाळून पांढरं झालं होतं. मग आत वळून सुनेला म्हणाल्या, दोन ताटं घे, लवकर. मी नको म्हणत होतो; या घरात आता मला काम नव्हतं आणि आण्णा आतल्या खोलीत पेपरमागं बसले होते, त्यांनी पेपर खाली घेतला नव्हता.

"बस," आक्का म्हणाल्या. "ऊन गेलं तर दोघंबी उपाशी."

मी बसलो. भाकरी, डाळ, गूळ. आम्ही बोलण्यात वेळ घालवला नाही. खिळा मारलेल्या खिडकीच्या फटीतून वखारीचा वास येत होता, आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा मला शिंक आली.